रोबोला डोकं नाही, पण बसायला खुर्ची आहे!

गॅलरीतला_कावळा | रवि., रात्री ९:५०

मंडळी, प्रश्न जरा येडपट आहे, सांभाळून घ्या.

काल आमच्या गल्लीत (न्यू जर्सी) एका आजोबांनी गॅरेज सेल लावला होता. बायको कुंड्या बघत होती आणि मी एका खोक्यात कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. तळाशी एक बुटकी पांढरी अँब्युलन्स सापडली. तीन डॉलर. हातात घेतली तर चांगली वजनदार. घरी आणून खटपट केली तर उलगडायला लागली! मागचा अर्धा भाग सुटून वेगळी तोफगाडी झाली, पुढच्या अर्ध्याला पाय फुटले. पोटाशी बारीक अक्षरात 'टकारा' आणि 'जपान' कोरलंय. पोराने दोन मिनिटांत निकाल दिला, की हा १९८४ च्या पहिल्या ट्रान्सफॉर्मर्सपैकी रॅचेट, त्यांच्यातला डॉक्टर.

पण डॉक्टरला डोकं नाही. छातीच्या जागी गाडीची पुढची काच आहे आणि काचेमागे एक छोटी खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर जुन्या गोंदाचा डाग.

१) डोकं हरवलं असेल का? ऑनलाइन एकजण 'रॅचेटचं डोकं' २५ डॉलरला विकतोय. घेऊ का?
२) गोष्टीत हे रोबो म्हणजे दुसऱ्या ग्रहावरचे जिवंत प्राणी. मग जिवंत प्राण्याच्या पोटात खुर्ची कशाला?

खडूस_काका | रवि., रात्री ९:५८

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

रेवती_के | रवि., रात्री १०:०३

डोकं नाही आणि खुर्ची आहे. आमच्या ऑफिसात असे तीन जण आहेत, त्यांच्यासाठी कुणी २५ डॉलर देत नाही.

खडूस_काका | रवि., रात्री १०:०५

@रेवती, दंडवत!

चुंबकपाय | रवि., रात्री ११:३१

कावळेबुवा, पैसे वाचवा. डोकं हरवलेलं नाही, ते कधी नव्हतंच. आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

हे खेळणं 'ट्रान्सफॉर्मर' म्हणून जन्मालाच आलं नाही. टोकियोच्या टकारा कंपनीने १९८० मध्ये 'डायाक्लोन' नावाची मालिका काढली. तिच्यातले रोबो निर्जीव यंत्रं होती आणि ती चालवायला माणसं होती. माणसं म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटरचे बाहुले, हातपाय हलणारे आणि पावलांत चुंबक असलेले. रोबोच्या धातूच्या भागावर ठेवले की टक्कन चिकटून उभे राहायचे. (माझ्या आयडीचा उगम कळला असेलच.) शत्रू होते कीटकासारखे 'वारुडर'.

सुरुवातीचे डायाक्लोन रोबो आणि त्यांचे तळ सगळे अंतराळछाप होते. १९८२ मध्ये त्यांनी 'कार रोबो' आणले आणि खेळच बदलला. रस्त्यावर दिसणारी खरी गाडी साधारण एकास साठ प्रमाणात करायची आणि तिचाच रोबो करायचा. लॅम्बोर्गिनी काउंटॅश, पोर्शे आणि तुमची ती निसानची व्हॅनेट! व्हॅनेटमध्ये चालक पुढच्या काचेमागे बसायचा. रोबो उभा राहिला की तो चालक तिथेच, छातीच्या उंचीवर दिसायचा. म्हणजे डोक्याची गरजच नव्हती, चालक हेच डोकं.

मग अमेरिकेच्या हॅस्ब्रो या खेळणी कंपनीने हे साचे घेतले, 'हे रोबो स्वतःच जिवंत आहेत' अशी नवी गोष्ट लिहून घेतली आणि चालकांना घरी बसवलं. खुर्ची मात्र साच्यातच कोरलेली, ती कुठे जाणार? मग तिच्या पाठीवर चेहऱ्याचं स्टिकर चिकटवलं. तुमचा गोंदाचा डाग म्हणजे रॅचेटचं तोंड होतं. लाल रंगातला आयर्नहाइड याच साच्यातला, त्याचीही हीच कथा. कार्टूनवाल्यांना काही हा खुर्चीमुखी डॉक्टर झेपेना, त्यांनी दोघांनाही नीट डोकी काढून दिली. ऑनलाइन मिळतं ते डोकं त्या कार्टूनवरून हौशी लोकांनी केलेलं.

गॅलरीतला_कावळा | रवि., रात्री ११:४०

अरे बाप रे. म्हणजे मी तीन डॉलरला एक रिकामी खुर्ची आणली आणि तिच्याभोवती अँब्युलन्स फुकट मिळाली. चुंबकपाय, अजून लिहा हो.

पाटीलकी | सोम., सकाळी ७:१५

छान माहिती. पण मग हॅस्ब्रोने केलं काय? दुसऱ्याचा माल आणून आपलं लेबल लावलं. आमच्याकडे तुळशीबागेत हे रोज चालतं.

चुंबकपाय | सोम., दुपारी १:२०

@पाटीलकी, लेबल लावायचा प्रयत्न टकाराने स्वतःही करून पाहिला होता. अमेरिकेत 'डायाक्रॉन' नावाने हेच रोबो विकायला काढले, चालले नाहीत.

हॅस्ब्रोचे लोक १९८३ मध्ये टोकियोच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात हे सगळं बघून आले. हा सौदा जुळवण्यात हेन्री ओरेनस्टीन या माणसाचा मोठा हात होता. मूळचा पोलंडचा ज्यू, नाझी छळछावण्यांतून वाचलेला. अमेरिकेत येऊन खेळण्यांची कंपनी उभारली, ती बुडाली, तरी धंद्यातली नजर गेली नाही. रूप बदलणाऱ्या खेळण्यात मोठं काहीतरी आहे हे त्याने ओळखलं आणि हॅस्ब्रोला पटवलं. पुढे टीव्हीवर पोकर दाखवताना खेळाडूंची झाकलेली पानं दिसतात ना, त्या कॅमेऱ्याचं पेटंटही याचंच. २०२१ मध्ये ९८ व्या वर्षी गेला.

नंतर हॅस्ब्रो मार्व्हल कॉमिक्सकडे गेली. जिम शूटरने दोन टोळ्यांच्या युद्धाची मूळ गोष्ट लिहिली. नायकाचं ऑप्टिमस प्राइम हे नाव डेनी ओ'नीलचं. बाकी नावांचा आणि स्वभावांचा डोंगर बॉब बुडियान्स्की नावाच्या संपादकाने उपसला, तोही अगदी थोड्या दिवसांत. कोण चिडका, कोण भित्रा, कोणाला कसली हौस, सगळं त्याचं. मेगाट्रॉन हे नाव हॅस्ब्रोला आधी नको होतं. ऐकून अणुबॉम्बचे मेगाटन आठवतात, फार भीतिदायक वाटतं म्हणे. तो म्हणाला, खलनायक आहे, भीती वाटायलाच हवी. राहिलं नाव.

तेव्हा तुळशीबागेची उपमा अर्धी बरोबर. माल दुसऱ्याचा खरा, पण जीव यांनी ओतला.

पाटीलकी | सोम., दुपारी १:४४

जीव ओतला की अर्ध्या तासाची जाहिरात ओतली? १९८४ मध्ये रेगन सरकारने मुलांच्या टीव्हीवरचे नियम सैल केले आणि लगेच सप्टेंबरात हे कार्टून सुरू. योगायोग म्हणायचा का? कार्टून बघा, दुकानात जा, बापाचा खिसा रिकामा करा. मला यात कलाबिला काही दिसत नाही.

नीलपंख | सोम., दुपारी २:०२

जाहिरात होतीच, कोण नाही म्हणतंय. पण मार्व्हलचं कॉमिक चार अंकांत संपणार असं ठरलं होतं, ते १९९१ पर्यंत ८० अंक चाललं. नुसत्या जाहिरातीसाठी कोणी ८० महिने पैसे देत नाही.

साचेवाला | सोम., रात्री ८:४८

मी भोसरीला टूलरूममध्ये तीस वर्षं काढली. कार्टूनचं मला काही कळत नाही, पण साच्याचं सांगतो.

खेळण्यात खरा पैसा जातो तो डायमध्ये, म्हणजे साच्यात. प्लॅस्टिक स्वस्त असतं. पोलादाच्या ठोकळ्यात प्रत्येक भागाची उलटी पोकळी कोरायची, पॉलिश करायची, दोन्ही अर्धे असे जुळवायचे की मध्ये केसभर फट राहिली तरी मालाला पापुद्रा येतो. आणि इथे तर तोच भाग गाडीतही बसला पाहिजे आणि रोबोतही. दाराचा हात होतो, बॉनेटची छाती होते. एका जागी अर्धा मिलिमीटर चुकला तर चार जागी अडकणार. तेही हाताने नकाशे काढायच्या काळात. ज्याने हे पहिल्यांदा जमवलं तो खरा बाप. असा तयार डाय मिळत असेल तर कोणताही शहाणा मालक एका खुर्चीसाठी नवा करणार नाही. स्टिकर लावून मोकळा होईल. आम्हीही झालो असतो.

वजनाचं कारण जस्ताची मिश्रधातू, आमच्याकडे झामॅक म्हणतात. ती महाग पडते म्हणून पुढे खेळण्यांतून कमी कमी होत गेली. कावळेसाहेब, एक करा. सांधे घट्ट असतील तर जोर लावू नका. चाळीस वर्षांचं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं.

गॅलरीतला_कावळा | सोम., रात्री ८:५५

@साचेवाला, ही सूचना काल हवी होती. :( एका मिसाईलचं टोक गेलं.

रेवती_के | सोम., रात्री ९:१०

डॉक्टरकडे मिसाईल?

चुंबकपाय | सोम., रात्री ९:२६

मूळ जपानी खेळण्यात त्या खरोखर उडायच्या. मुलांना इजा नको म्हणून अमेरिकन आवृत्तीत स्प्रिंग मऊ केल्या. त्यामुळे मिसाईल उडत नाही, नळीतून लाजत बाहेर येते.

मांडवीतीर | मंगळ., सकाळी ६:३०

गोव्याहून नमस्कार. धागा वाचून राहवलं नाही.

हॅस्ब्रो म्हटलं की आम्हाला फनस्कूल आठवते. एमआरएफ आणि हॅस्ब्रोने मिळून १९८७ मध्ये काढली, कारखाना आमच्या गोव्यात. नव्वदीत भारतभर जे जी. आय. जो नावाचे सैनिक बाहुले विकले गेले ते तिथले. बाहुला अमेरिकेतला, रंग मात्र आमचे. हिरव्याचा निळा, काळ्याचा पिवळा! तेव्हा आम्ही भावंडं हसायचो. आता परदेशातले संग्राहक तेच 'चुकीचे' रंग शोधत फिरतात.

ट्रान्सफॉर्मरशी याचा संबंध नाही, विषयांतराबद्दल माफी.

चुंबकपाय | मंगळ., सकाळी ९:०५

@मांडवीतीर, माफी कसली मागता, तुम्ही तर थेट मुळावर हात ठेवलात!

ट्रान्सफॉर्मरचा खापरपणजोबा जी. आय. जो आहे. हॅस्ब्रोने १९६४ मध्ये काढला तो बारा इंची, कपडे बदलता येणारा सैनिक. त्याचा जपानी परवाना टकाराकडे होता. पण युद्धात पोळलेल्या जपानात सैनिक किती विकणार? १९७२ मध्ये टकाराने तेच शरीर पारदर्शक प्लॅस्टिकचं केलं, आत चमचमती यंत्रं भरली आणि नाव दिलं 'हेन्शिन सायबोर्ग'. हेन्शिन म्हणजे रूप पालटणं. पुढे तेलाचं संकट आलं, प्लॅस्टिक महागलं आणि १९७४ मध्ये बारा इंची सायबोर्गचा दहा सेंटिमीटरचा 'मायक्रोमॅन' झाला. अमेरिकेत मेगो कंपनीने १९७६ पासून तो 'मायक्रोनॉट्स' म्हणून विकला. मायक्रोमॅनच्याच घराण्यात पुढे डायाक्लोन, तो आणखी छोटा.

आणि १९८३ ची मायक्रोमॅनची शाखा 'मायक्रो चेंज'. यात कल्पना अशी की मायक्रोमॅन आपल्या घरातच लपलेले असतात, म्हणून त्यांचे रोबो घरातल्या वस्तूंसारखे आणि वस्तूंच्याच मापाचे. कॅसेट रेकॉर्डर, कॅमेरा, सूक्ष्मदर्शक, वॉल्थर पिस्तूल. कॅसेट रेकॉर्डर हॅस्ब्रोकडे येऊन साउंडवेव्ह झाला, पिस्तूल झालं मेगाट्रॉन, आणि खेळण्यातल्या छोट्या गाडीच्या वेषातला फोक्सवॅगन बीटल झाला बंबलबी. म्हणून मापांचा असा गोंधळ. डायाक्लोनचा ट्रक खऱ्या ट्रकपेक्षा साठपट लहान, आणि पिस्तूल मात्र हातात धरता येईल असं. दोन वेगळ्या मालिका एका खोक्यात भरल्या की दुसरं काय होणार!

म्हणजे जी. आय. जो अमेरिकेतून जपानला गेला, तिथे त्याची पोरंबाळं झाली, ती रोबो होऊन अमेरिकेत परतली. आणि खुद्द जो पुढे पावणेचार इंचांचा होऊन गोव्याला आला.

मांडवीतीर | मंगळ., सकाळी ९:२०

देवा! आणि आम्ही त्याला विहिरीत बुडवायचो.

नीलपंख | मंगळ., सकाळी ९:४१

@चुंबकपाय, मस्त. एक भर. 'खेळणं + मार्व्हलचं कॉमिक + टीव्ही' हे गणित हॅस्ब्रोने १९८२ मध्ये त्या छोट्या जी. आय. जो वरच सोडवून पाहिलं होतं. ट्रान्सफॉर्मरला तेच लावलं.

खडूस_काका | मंगळ., दुपारी १२:१२

आता मी काडी टाकतो. गोबॉट्स आधी आले होते.

चुंबकपाय | मंगळ., दुपारी १२:१३

काका, नका हो.

खडूस_काका | मंगळ., दुपारी १२:३०

का नका? अमेरिकेच्या दुकानांत गोबॉट्स आधी आले हे खरं आहे. बँडाईच्या घरातली पॉपी कंपनी, १९८२ ची 'मशीन रोबो' मालिका, तीही जपानीच. तिकडे ६०० येनला एक. अमेरिकेत टोन्काने आणली, तीच लोखंडी डंपरवाली टोन्का. मी तेव्हा शिकागोत शिकत होतो आणि मला परवडायचे ते गोबॉट्सच. खिशात मावायचे, दोन-चार हालचालींत बदलायचे, डोकं जागेवर असायचं. तुमचा ऑप्टिमस घ्यायला माझा महिन्याचा किराणा गेला असता. पण इतिहास जिंकणारे लिहितात.

नीलपंख | मंगळ., दुपारी १२:५२

काका, गोबॉट्सच्या खलनायकाचं नाव साय-किल होतं आणि तो मोटरसायकल व्हायचा. मोटरसायकल, सायकल, साय-किल. या विनोदावर साम्राज्य उभं राहत नाही.

पाटीलकी | मंगळ., दुपारी १:०५

हा हा. पण इथे माझाच मुद्दा सिद्ध होतोय. खेळणी दोन्ही जपानी, दोन्ही चांगली. एकाची गोष्ट बरी, तो जिंकला. खेळण्याला किंमत शून्य!

साचेवाला | मंगळ., रात्री ९:१५

शून्य कशी? गोष्ट ऐकून पोरगं दुकानात येतं, मान्य. पण दुसऱ्या दिवशीही ते हातात घेतंय का, हे सांध्यावर ठरतं.

चुंबकपाय | मंगळ., रात्री ९:४०

@साचेवाला +१. त्याचा पुरावा खुद्द हॅस्ब्रोनेच दिला. १९९० मध्ये 'ॲक्शन मास्टर्स' नावाचे ट्रान्सफॉर्मर काढले. वैशिष्ट्य काय, तर ते रूप बदलत नाहीत! त्याच वर्षी अमेरिकेतली मूळ मालिका आटोपली.

@खडूस_काका, शेवट माहीत आहे ना? १९९१ मध्ये हॅस्ब्रोने टोन्काच विकत घेतली.

खडूस_काका | मंगळ., रात्री ९:४४

जखमेवर मीठ. चोळा.

कटिंग_विदाउट | बुध., सकाळी ११:००

मला एक कळत नाही. त्या १९८६ च्या ॲनिमेशनपटात ऑप्टिमसला का मारलं? माझा मोठा मावसभाऊ ओहायोत वाढला, आज पन्नाशीला आला, अजून तो विषय काढला की गप्प होतो.

नीलपंख | बुध., सकाळी ११:२५

कारण साधं आणि निर्दय आहे. १९८४ चा माल संपवायचा होता आणि १९८६ चा दुकानात लावायचा होता. जुनी पात्रं कॅटलॉगमधून काढायची म्हणून पडद्यावर मारली. पोरं थिएटरात रडली, पालकांनी पत्रं लिहिली, कंपनी चक्रावली. 'आपण कॅटलॉग बदलतोय' असं वाटलं होतं, लोकांच्या घरचं माणूस गेलं होतं. १९८७ मध्ये त्याला मालिकेत परत जिवंत करावं लागलं. आणि जी. आय. जो च्या चित्रपटात त्यांचा नायक ड्यूक मरणार होता, त्याला घाईघाईने कोमात पाठवलं.

@कावळा, वाईट बातमी. ऑप्टिमसच्याही आधी, सुरुवातीच्याच हल्ल्यात तुमचा डॉक्टर जातो. आयर्नहाइडही.

गॅलरीतला_कावळा | बुध., सकाळी ११:३३

आधी डोकं नाही, आता जीवही नाही. तीन डॉलर जास्तच झाले.

पाटीलकी | बुध., सकाळी ११:५०

घरचं माणूस गेलं... बरं, हे वाक्य मला लागलं. जाहिरातीसाठी कोणी रडत नाही. अर्धा मुद्दा मागे घेतो. फक्त अर्धा.

कटिंग_विदाउट | बुध., दुपारी ३:१०

मी मागे एक 'ओरिजिनल जेटफायर' मागवला, नकली निघाला. विक्रेत्याचं नाव घेत नाही. ओळखायचं कसं?

चुंबकपाय | बुध., दुपारी ४:०२

१९८५ पासूनच्या मालावर एक काळा चौकोन असतो, बोटाने घासून गरम केला की आतून टोळीचं चिन्ह उमटतं. नकली मालाला आळा घालायलाच तो आणला. तुमच्या १९८४ च्या रॅचेटवर तो नसेल, कावळेबुवा. तेव्हाच्या खोक्यावर मात्र शक्ती, वेग, हुशारीचा आलेख असायचा, तो लाल प्लॅस्टिकच्या पट्टीतून पाहिल्याशिवाय दिसत नसे.

जेटफायरची गंमत वेगळीच. तो टकाराचा नाहीच! ताकातोकू नावाच्या तिसऱ्याच कंपनीचं, 'मॅक्रॉस' मालिकेतलं लढाऊ विमान. ती कंपनी बुडाली आणि साचे गेले टकाराच्या हाडवैऱ्याकडे, बँडाईकडे. म्हणून कार्टूनमध्ये त्याचं रूप बदललं, नावही स्कायफायर केलं, आणि जपानच्या ट्रान्सफॉर्मर मालिकेत तो विकलाच गेला नाही.

रेवती_के | बुध., दुपारी ४:२०

म्हणजे जपानमध्येही ट्रान्सफॉर्मर विकले? त्यांचेच त्यांना?

चुंबकपाय | बुध., दुपारी ४:३१

हो ना! १९८५ मध्ये टकाराने डायाक्लोन आणि मायक्रो चेंज गुंडाळले आणि आपलेच रोबो अमेरिकन गोष्टीसकट परत आणले. ऑप्टिमस प्राइम मात्र तिथे 'कॉन्व्हॉय' राहिला, त्याच्या डायाक्लोनमधल्या 'बॅटल कॉन्व्हॉय' या मूळ नावावरून. आणि त्याच्या ट्रेलरमध्ये अजूनही चालकाची जागा आहे.

साचेवाला | गुरु., रात्री ८:३०

कावळेसाहेब, मूळ प्रश्नावर या. डोकं घेतलंत का?

गॅलरीतला_कावळा | गुरु., रात्री १०:१५

नाही घेतलं. चेहऱ्याचं स्टिकर नव्याने छापून विकणारे आहेत, ते मागवलंय, दोन आठवडे लागतील. दरम्यान पोराला चालकाची गोष्ट सांगितली तर तो लेगोचा माणूस घेऊन आला. बसत नाही, डोकं काचेला अडतं.

आई सध्या इथेच आहे, साताऱ्याहून आलीय. तिने हा सगळा प्रकार दोन दिवस बघितला. आज सकाळी म्हणाली, "बिनतोंडाचं काय ठेवलंयस टेबलावर, बरं दिसत नाही." आणि स्वतःच्या पाकिटातल्या दोन बारीक लाल टिकल्या काढून खुर्चीच्या पाठीवर लावल्या. डोळे आले! इतकं बेमालूम दिसतंय की स्टिकरची ऑर्डर रद्द करावी म्हणतोय.

साचेवाला | गुरु., रात्री १०:२२

माउलींना नमस्कार सांगा.

नीलपंख | गुरु., रात्री १०:३०

फोटो टाका!

खडूस_काका | गुरु., रात्री १०:४१

लाल डोळे कार्टूनमध्ये डिसेप्टिकॉनचे असतात हो. आईसाहेबांनी डॉक्टरला शत्रुपक्षात पाठवलं. निळ्या टिकल्या शोधा.